वाचकांचे प्रश्न : देणगी कुणाची, धोरण कुणाचे?

निवडणूक निधी आणि परराष्ट्र धोरण यांच्या नात्याविषयी खान्देशातून बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे थोडी आटोपशीर करून इथे देत आहोत. उत्तरे निवडणूक खर्च, कंपनी कायदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयांतल्या आमच्या सल्लागारांनी लिहिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत केळी जवळजवळ पिकतच नाही. तरी नव्वदच्या दशकात केळीवरून अमेरिका युरोपशी भांडली आणि त्यामागे एक मोठा देणगीदार होता, असे एका मेळाव्यात ऐकले. आमच्याकडे भाव बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून ठरतो, त्यामुळे हे पटायला जड जाते. नेमके काय घडले होते?
(केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : ऐकले ते खरे आहे. केळी पिकवणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१ जुलै १९९३ पासून युरोपीय संघाने केळीच्या आयातीसाठी एकच पद्धत लागू केली. कॅरिबियन बेटे, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट अशा जुन्या वसाहतींतल्या केळीला त्यात सवलत मिळाली, तर लॅटिन अमेरिकेतल्या केळीला कोटा आणि जकात लागली. लॅटिन अमेरिकेत मोठमोठे मळे असलेल्या चिकिटा या अमेरिकी कंपनीला याचा जबर फटका बसला. कंपनीची सूत्रे सिनसिनाटीचे उद्योगपती कार्ल लिंडनर यांच्याकडे होती आणि ते रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांचे मोठे देणगीदार होते. रिपब्लिकन नेते बॉब डोल यांनी सिनेटमध्ये केळीचा प्रश्न लावून धरला. १९९६ मध्ये क्लिंटन सरकारने ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि इक्वेडोर यांना सोबत घेऊन जागतिक व्यापार संघटनेत युरोपविरुद्ध तक्रार नेली. त्याच सुमारास लिंडनर आणि त्यांच्या अधिकाऱ्यांकडून डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य शाखांना पाच लाख डॉलरहून जास्त रक्कम गेल्याचे अमेरिकी पत्रकारांनी नोंदींवरून दाखवून दिले. पैसा राज्य शाखांकडेच का गेला? उमेदवाराला थेट देण्यावर मर्यादा होती, पक्षाच्या खात्यात ‘संघटना बांधणी’साठी देण्यावर नव्हती. ती फट २००२ च्या कायद्याने बुजवली.

अमेरिका १९९७ मध्ये दावा जिंकली. युरोप पद्धत बदलेना, तेव्हा १९९९ मध्ये वर्षाला १९.१४ कोटी डॉलर किमतीच्या युरोपीय मालावर सूडाची जकात लावायची परवानगी तिला मिळाली. जकात १०० टक्के होती आणि लागली कशावर, तर बायकांच्या पर्स, चादरी, कॉफीची यंत्रे, बॅटऱ्या यांवर. केळीशी काडीचा संबंध नसलेले युरोपातले छोटे कारखानदार भरडले गेले आणि तो माल मागवणारे छोटे अमेरिकी व्यापारीही. जिनिव्हात समझोता झाला तो डिसेंबर २००९ मध्ये. लॅटिन अमेरिकेच्या केळीवरची जकात टनाला १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोपर्यंत उतरवायचे ठरले. कागदोपत्री वाद मिटायला २०१२ चा नोव्हेंबर उजाडला.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती सेंट लुशिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या बेटांवरच्या केळीवाल्यांनी. डोंगरउतारावर दोन-चार एकर बाग करणारी ही माणसे. ब्रिटनची राखीव बाजारपेठ सुटत गेली तशी हजारोंनी केळी सोडली. आणि चिकिटा? दावा जिंकूनही नोव्हेंबर २००१ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले. देणगीने सरकार हलले, कर्जाचा बोजा हलला नाही.

केळी आणि परराष्ट्र धोरण यांची गाठ त्याच्याही आधीची आहे. चिकिटाचीच पूर्वज कंपनी म्हणजे युनायटेड फ्रूट. ग्वाटेमालाच्या आर्बेंझ सरकारने १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली तिची पडीक जमीन ताब्यात घेतली आणि कंपनीने करासाठी स्वतःच जाहीर केलेल्या किमतीप्रमाणे सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. अमेरिकी परराष्ट्र खात्याने कंपनीच्या वतीने मागितले सुमारे १ कोटी ५८ लाख. जून १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने ते सरकार उलथवले गेले. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली फर्ममधून आले होते तिने युनायटेड फ्रूटचे काम केलेले होते, आणि सीआयएचे प्रमुख त्यांचेच भाऊ होते. शीतयुद्धाची भीती हे कारण होतेच; पण कोणत्या देशाची भीती वॉशिंग्टनमध्ये सर्वांत जोरात ऐकू येईल, हे अशा ओळखींनी ठरत होते.

तुमच्यासाठी यातला कामाचा भाग असा : तांदलवाडी परिसरातून आखाती देशांकडे केळीचे कंटेनर जातात. तिथली जकात, रोगराई तपासणीचे नियम, जहाजमार्ग या सगळ्याचे निर्णय दोन सरकारांमध्ये होतात. त्या टेबलावर कुणाची मागणी लेखी पोचली आहे, हे तुमच्या संघटनेला माहीत असायला हवे. ‘अपेडा’कडे (शेतमालाच्या निर्यातीला चालना देणारी केंद्राची संस्था) आणि वाणिज्य मंत्रालयाकडे निवेदन देताना पिकाचा सीमाशुल्क वर्गवारी क्रमांक, कुठल्या बंदरातून किती कंटेनर गेले आणि कुठे कशामुळे अडले, एवढे तरी लिहा. ‘केळीला न्याय द्या’ असे मोघम निवेदन फाइलला लागते आणि तिथेच राहते.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे, एच-१बी व्हिसावर. तिकडच्या एका भारतीय वंशाच्या उमेदवारासाठी मित्रमंडळी जेवणाचे तिकीट घेऊन पैसे जमवतात. त्याने द्यावेत का? आणि इथल्या पक्षाला तो पैसे पाठवू शकतो का?
(एक आई, अमळनेर)

उत्तर : ताई, मुलाला लगेच सांगा : तिकडे एक डॉलरही देऊ नको. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या माणसाला तिथल्या कुठल्याही निवडणुकीत, संघीय असो, राज्याची असो वा गावाची, पैसे देण्यास मनाई आहे. निधीसाठीच्या जेवणाचे तिकीटसुद्धा देणगीच धरली जाते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला हरकत नाही.

‘मी तुला देतो, तू तुझ्या नावाने दे’ हा मार्ग तर फौजदारी गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकी नागरिक असलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ च्या एका सिनेट उमेदवाराला इतरांच्या नावे २०,००० डॉलर दिले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. पाच वर्षांची देखरेख, त्यात आठ महिने सुधारगृहवजा केंद्रात, आणि ३०,००० डॉलर दंड झाला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली, हा भाग वेगळा.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर तो देऊ शकेल. २०२५-२६ साठी मर्यादा एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर अशी आहे. पक्षांतर्गत फेरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या मोजतात. एका उमेदवाराला त्या निवडणूक चक्रात दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की नाव, गाव, मालक कंपनी, व्यवसाय आणि तारीख संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येते. जगातला कुणीही ते बघू शकतो, अमळनेरात बसून तुम्हीही. तिकडचे मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले असेल, तर मंडळाच्या व्यासपीठावरून उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. उत्साहाच्या भरात मंडळे इथेच घसरतात.

भारतात पाठवायचे म्हटले तर पासपोर्ट कुठला, यावर सगळे अवलंबून आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे आले, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. उद्या त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असूनही तो विदेशी स्रोत होतो आणि विदेशी योगदान नियमन कायद्याच्या कलम ३ प्रमाणे पक्षाला किंवा उमेदवाराला त्याचे पैसे घेता येत नाहीत.

प्रश्न : माझी जिनिंग-प्रेसिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एका पक्षाचे लोक स्मरणिकेत जाहिरात मागतात, दुसरे रोख मागतात, तिसरा एक जण म्हणतो की चेक द्या, कमिशन कापून रोख परत करू आणि करही वाचेल. कायद्याने काय चालते?
(उद्योजक, धरणगाव)

उत्तर : तिसऱ्याला आधी दारातून परत पाठवा. नोंदणी आहे पण कुठे निवडणूक लढताना दिसत नाही अशा पक्षांच्या नावावर हा धंदा चालतो. आयकर खाते आता पक्षाच्या बँक खात्यातून पैसा पुढे कुठे गेला ते तपासते आणि तिथून उलट देणगीदारापर्यंत येते. वजावट रद्द, कर, व्याज, आणि चुकीची माहिती दिली म्हणून कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड.

आता सरळ मार्ग. कंपनी कायदा २०१३ चे कलम १८२ लागू होते. कंपनीला किमान तीन आर्थिक वर्षे पूर्ण झालेली हवीत. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के ही वर्षाची कमाल मर्यादा. समजा नफा ४०, ५५ आणि २५ लाख होता. सरासरी ४० लाख, म्हणजे सगळ्या पक्षांना मिळून वर्षात ३ लाखांपर्यंत. २०१७ मध्ये ही मर्यादा काढून टाकली होती. निवडणूक रोखे रद्द करणाऱ्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती परत आली. अनेक हिशेबनीस अजून जुन्याच समजुतीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव हवा. भावाभावांनी फोनवर ठरवले, एवढ्याने भागत नाही. पैसे अकाउंट पेयी चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून ऑनलाइन. कंपनीला रोख देताच येत नाही. नफा-तोटा पत्रकात रक्कम आणि पक्षाचे नाव दाखवायचे. मोडले तर कंपनीला रकमेच्या पाच पटींपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

स्मरणिकेची जाहिरात म्हणजे जाहिरात खर्च, असे समजू नका. पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात कलम १८२ मध्ये देणगीच धरली आहे, आणि आयकरात तो धंद्याचा खर्च म्हणून चालत नाही. आयकर कायदा १९६१ मध्ये कंपनीच्या देणगीला ८०जीजीबीची वजावट आहे, पण तुम्ही २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर ती मिळत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना सीएकडून नवा क्रमांक तपासून घ्या.

अमेरिकेत केंद्र सरकारचे कंत्राट चालू असलेल्या कंपनीला संघीय निवडणुकीत देणगी देण्यास बंदी आहे. आपल्याकडे सरकारी कंत्राट चालू असलेला माणूस उमेदवार होऊ शकत नाही, पण तोच कंत्राटदार पक्षाला खुशाल देणगी देऊ शकतो. ही तफावत आम्हाला घातक वाटते.

प्रश्न : देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे रद्द झाले, याद्या आल्या, चार दिवस गाजावाजा झाला. आता मोठे देणगीदार खरोखर दिसतात का?
(निवृत्त शिक्षक, भुसावळ)

उत्तर : दिसतात, पण उशिरा आणि अर्धवट.

सर, यादी आली ही गोष्ट लहान नव्हती. २०१८ पासून जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी ती नाकारली आणि तीन दिवसांत यादी आयोगाच्या संकेतस्थळावर आली. रोख्यांचे क्रमांक मिळाल्यावर कुणाचा रोखा कुणी वटवला तेही जुळले. सर्वांत मोठी खरेदीदार होती लॉटरी व्यवसायातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. तिच्यामागे मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. एप्रिल २०१९ नंतरच्या काळात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी मिळाले. देणगीच्या बदल्यात कामे मिळाली का, याच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमण्याची मागणी न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. म्हणजे तारखा जुळताना दिसतात, देवाणघेवाण सिद्ध झालेली नाही. दोन्ही वाक्ये एकत्रच वाचावीत.

आता २०,००० रुपयांवरच्या देणगीदाराचे नाव पक्षाने वार्षिक अहवालात द्यायचे असते. एप्रिलमध्ये दिलेली देणगी त्या आर्थिक वर्षाच्या अहवालात जाते आणि तो अहवाल वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी दाखल होतो. मतदान केव्हाच होऊन गेलेले असते. २०,००० च्या आतल्या रकमांना नाव लागत नाही. दुसरा पडदा निवडणूक न्यासांचा. २०१३ च्या योजनेप्रमाणे कंपन्या न्यासाला पैसे देतात आणि न्यासाने वर्षभरात जमलेल्याच्या ९५ टक्के पक्षांना वाटायचे असतात. देणाऱ्यांची यादी कळते, घेणाऱ्यांची कळते. पण एकाच हंड्यात ओतलेले पाणी कुणाच्या घागरीचे, हे सांगता येत नाही.

विदेशी पैशाचे प्रकरण याहून शांतपणे उरकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही वेदांत समूहाशी संबंधित कंपन्यांकडून निधी घेऊन विदेशी योगदान कायदा मोडल्याबद्दल दोषी धरले. २०१६ च्या वित्त कायद्यात ‘विदेशी स्रोत’ याची व्याख्या २०१० पासून पूर्वलक्षी बदलली गेली, म्हणजे असा निधी मागच्या तारखेपासून विदेशी धरला जाईना. १९७६ च्या जुन्या कायद्याचा काळ उरला होता, म्हणून २०१८ च्या वित्त कायद्यात ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे जाणारा बदल झाला. लोकसभेत ते विधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर झाले. बेचाळीस वर्षे मागे जाणारे कलम अर्थसंकल्पाच्या कागदात एका ओळीत बसते, आणि त्यावर दोन्ही मोठे पक्ष गप्प राहतात. धनिकांचा प्रभाव शोधायचा तर भाषणांपेक्षा अशा ओळी वाचा.

प्रश्न : ऐन कापूस वेचणीच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, सरकारने कापसावरचे आयात शुल्क काढले. अमेरिकेतल्या कापूस लॉबीच्या देणग्यांमुळे हे झाले, असे गावात बोलले जाते.
(शेतकरी, पारोळा तालुका)

उत्तर : दादा, राग रास्त आहे, बोट मात्र नीट रोखले पाहिजे.

शुल्क फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के होते : मूळ सीमाशुल्क ५, कृषी पायाभूत उपकर ५, आणि त्या दोहोंवर १० टक्के अधिभार. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून शून्य केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मधल्या काळात, २७ ऑगस्टला, अमेरिकेचे भारतीय मालावरचे एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. यात उघड आणि लेखी मागणी होती ती देशातल्याच सूतगिरण्या आणि कापड उद्योगाच्या संघटनांची. महाग कापसामुळे निर्यात बुडते, ही त्यांची जुनी तक्रार. अमेरिकी कापसाला त्यातून फायदा होतो हे खरे. पण अमेरिकी देणगीदार तिथल्या खासदारांना पैसे देतात, आपल्या नाहीत. त्यांचा रेटा येतो तो तिथल्या सरकारच्या वाटाघाटींतून.

तिथल्या कापूस लॉबीची ताकद बघायची असेल तर ब्राझीलचा दावा बघा. अमेरिकी कापसाच्या अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००५ मध्ये अंतिम पायरीवरही जिंकला. अमेरिकी गिरण्यांनी आणि निर्यातदारांनी अमेरिकी कापूसच घ्यावा म्हणून दिले जाणारे अनुदान २००६ मध्ये बंद झाले, बाकीचे चालू राहिले. अनुदान मोडण्याऐवजी अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूसवाल्यांनाच वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. करदात्याच्या पैशातून दोन देशांच्या शेतकऱ्यांना पैसे गेले, पण मूठभर मोठ्या शेतमालकांचे अनुदान कुणी पूर्ण काढले नाही. कापूसवाल्यांकडे मत मागायला येणारे पुढारी तिथेही आहेत, आणि कापूस वापरणाऱ्या ग्राहकाला अनुदानाची किंमत माणशी इतकी थोडी पडते की तो रस्त्यावर येत नाही.

इथे तुमच्या हातात काय आहे? शुल्क कमी-जास्त होण्याची अधिसूचना राजपत्रात आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर येते. तारीख टिपा. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत कुणी निवेदने दिली, हे व्यापारी संघटनांच्या प्रसिद्धिपत्रकांत सापडते. मग पक्षांच्या देणगी अहवालात तीच नावे शोधा. तीनही गोष्टी समोर ठेवूनच बोला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. खेडा खरेदीत प्रत्यक्ष मिळालेल्या भावाच्या पट्ट्या गावागणिक जमवल्या असत्या, तर मुदत वाढवण्याच्या वेळी त्या मांडता आल्या असत्या. पुढच्या वेळी त्या जपून ठेवा.

प्रश्न : ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे परराष्ट्र धोरणालाही लागू पडते का? मस्क, एडेल्सन यांनी धोरण विकत घेतले म्हणतात.
(राज्यशास्त्राचा विद्यार्थी, शहादा)

उत्तर : सरसकट लागू पडत नाही. कुठे पडते ते बघू.

अमेरिकेत २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर आणि त्याच वर्षीच्या आणखी एका निकालानंतर ‘सुपर पॅक’ नावाचे निधी जमवणारे प्रचारगट आले. उमेदवाराला थेट देण्यावर मर्यादा, पण त्याच्यापासून ‘स्वतंत्र’ प्रचारावर कितीही खर्च करा. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्या बाजूने २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. जून २०२५ मध्ये दोघांचे जाहीर फाटले आणि विजेवरच्या गाड्यांची करसवलतही गेली. इतक्या मोठ्या उघड विषयात एकटा देणगीदार पुरा पडत नाही.

एडेल्सन दांपत्याचे उदाहरण जास्त शिकवते. अमेरिकी दूतावास जेरुसलेमला नेण्याचा कायदा १९९५ मध्येच झाला होता. प्रत्येक राष्ट्राध्यक्ष दर सहा महिन्यांनी सही करून अंमलबजावणी पुढे ढकलत होता. कॅसिनोसम्राट शेल्डन एडेल्सन यांचा हा जुना आग्रह, आणि २०१६ मध्ये ते ट्रम्प यांचे मोठे देणगीदार. डिसेंबर २०१७ मध्ये घोषणा झाली, १४ मे २०१८ ला दूतावास उघडला. इव्हँजेलिकल मतदारांचाही रेटा होता. देणगीने नवे धोरण जन्माला घातले नाही. कपाटात पडलेले धोरण टेबलावर आणायला मदत केली.

तिसरा प्रकार भीतीचा. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कचे खासदार जमाल बोमन यांच्याविरुद्ध एआयपॅक या इस्रायल समर्थक गटाशी संलग्न सुपर पॅकने एकाच प्राथमिक फेरीत सुमारे १.४५ कोटी डॉलर खर्च केले आणि ते हरले. त्यांच्या पराभवाला इतरही कारणे होती, पण बाकीच्या खासदारांनी त्यातून काय घ्यायचे ते घेतले. मत बदलावे लागत नाही. पुढच्या वेळी बोलण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.

नेमणुकांचे तर कायद्यातच लिहिले आहे : १९८० च्या अमेरिकी परराष्ट्र सेवा कायद्यानुसार देणगी हा राजदूत नेमण्याचा निकष असू नये. तरी गॉर्डन सॉन्डलंड यांनी ट्रम्प यांच्या शपथविधी समितीला १० लाख डॉलर दिले आणि २०१८ मध्ये ते युरोपीय संघात राजदूत झाले. निक्सन यांचे वकील हर्बर्ट काल्मबाख यांना राजदूतपदाचे आश्वासन देऊन देणगी घेतल्याबद्दल १९७४ मध्ये शिक्षा झाली होती, कारण तिथे सौदा शब्दांत बोलला गेला होता. शहाणे लोक तो बोलत नाहीत.

आपल्या लोकांनीही हे शिकून घेतले. २००५ ते २००८ दरम्यान भारत-अमेरिका अणुकरारासाठी भारतीय वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनांनी निधी, भेटीगाठी आणि मतदारसंघवार पाठपुरावा केला. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून ती पद्धत वेगळी ठरत नाही.

अभ्यासासाठी एक सूचना. फ्लोरिडातल्या साखरसम्राट फानहुल बंधूंपैकी एक डेमोक्रॅटना निधी जमवून देत, दुसरे रिपब्लिकनांना. साखरेचा आयात कोटा दोन्ही राजवटींत टिकला. जिथे देणगीदार दोन्ही बाजूंना पैसे देतो, फायदा मोजक्यांचा असतो आणि तोटा सगळ्यांत वाटून जातो, तिथे पैशाचा हात शोधा. कोटा, जकात, कंत्राट, सूट. युद्ध आणि शांतीसारख्या विषयांत मतदार, लष्कर, शेजारी, इतिहास असे बरेच हात असतात.

प्रश्न : लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा आणि सभा तर कोटींच्या दिसतात. सामान्य मतदाराला हिशेब बघता येतो का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : येतो, आणि बघावाच. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ पासून लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख ही उमेदवाराची मर्यादा आहे. मोजणी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, म्हणून मोठे खर्च अर्जाच्या आधी उरकतात. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या नावे जातो. पण उमेदवार त्या व्यासपीठावर बसला किंवा त्याचे नाव-फोटो लागले, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या नावावर चढतो. मुख्य पळवाट इथे आहे : एखादा कंत्राटदार मंडपवाल्याला, गाड्यावाल्याला परस्पर पैसे देतो. कायद्याने ती मदतही बाजारभावाने हिशेबात यायला हवी.

निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, हिशेब देतो. निवडणूक नियमांच्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया भरून कुणालाही तो पाहता येतो, ठरलेले शुल्क भरून साक्षांकित प्रत मिळते. नोंदवहीत पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. जिल्ह्याने जाहीर केलेली दरसूची शेजारी ठेवा : खुर्ची, मंडप, वाहन, जेवण. सभेची तारीख धरून खुर्च्यांची संख्या आणि तुमच्याकडचा व्हिडिओ ताडून बघा. खर्च पथकाची स्वतंत्र छाया नोंदवही असते, तिच्याशी तफावत आढळली तर उमेदवाराला नोटीस निघते.

मर्यादा ओलांडणे हे भ्रष्ट आचरण आहे आणि त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार निवडणूक याचिका करू शकतो. आपल्या तीनही जिल्ह्यांसाठी ती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाते, २,००० रुपये अनामत भरून. मुदत निकालापासून ४५ दिवस. हिशेब येतो तिसाव्या दिवशी, म्हणजे हातात पंधरवडाच उरतो. पुरावे आधीपासून तारीखवार लावलेले नसतील तर तो पुरत नाही.

प्रश्न : मित्र उमेदवार आहे. माझ्या खर्चाने त्याचा बॅनर लावला तर?
(दुकानदार, चोपडा)

उत्तर : त्याची लेखी परवानगी आधी घ्या आणि बिलाची प्रत त्याला द्या, म्हणजे खर्च त्याच्या हिशेबात चढेल. परवानगीविना केलेला खर्च भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, दंड १०,००० रुपयांपर्यंत. बॅनरवर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवाच.

प्रश्न : आचारसंहितेत केळीच्या कटाईचे पैसे घेऊन जाताना रोकड पकडली गेली. पुढाऱ्यांचे कोटी जातात आणि आमचे अडकतात. कुठे जायचे?
(व्यापारी, सावदा)

उत्तर : ५०,००० च्या वर रोकड असली की स्रोत आणि वापर दोन्हींचा कागद सोबत हवा : बँकेतून काढल्याची पावती, रोखवहीच्या पानाची प्रत, ज्यांना द्यायचे त्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या, पॅन आणि ओळखपत्र. पकडली गेली तर जप्तीची पावती तिथेच मागा. तिच्यावर अपिलाची पद्धत लिहिलेली असते. जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते : जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च संनियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. गुन्हा दाखल नसेल आणि पैशाचा उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध नसेल, तर समिती रक्कम सोडण्याचा आदेश देते. रक्कम १० लाखांच्या वर असेल तर आयकर खात्याला कळवले जाते आणि त्याने वेळ लागतो. अर्ज त्याच दिवशी द्या, आणि पट्टीवरची नावे व रक्कम यांची बेरीज जप्त रकमेशी जुळते का ते देण्याआधी तपासा. बेरीज जुळली नाही की फाइल तिथेच थांबते.